सिस्टर जुन्या, वॉर्ड नवा

जिल्हा रुग्णालयाच्या पुरुष शस्त्रक्रिया वॉर्डात पंधरा वर्षे काढलेल्या ज्येष्ठ परिचारिकेचे नाव महिन्याच्या ड्युटी यादीत अचानक नवजात शिशु कक्षापुढे दिसते. कारण साधे असते. तिथल्या एक सिस्टर प्रसूती रजेवर गेलेल्या असतात, दुसऱ्यांची बदली झालेली असते आणि त्यांच्या जागी कोणी आलेले नसते. ‘जुन्या आहेत, सांभाळून घेतील,’ असे म्हणून प्रश्न मिटवला जातो. सरकारी रुग्णालयांत हे इतके नेहमीचे झाले आहे की, त्यातली जोखीम सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

नव्या कक्षात त्यांचे जुने आडाखे पहिल्याच तासात चुकू लागतात. प्रौढ रुग्णाची नाडी मिनिटाला १४० झाली की डॉक्टरांना बोलवायचे, हे अंगवळणी पडलेले. पण नवजात बाळात १२० ते १६० ठोके नेहमीचेच. उलट प्रौढात निर्धास्त वाटणारे ८० ठोके बाळात धोक्याची सूचना असू शकतात. औषधांचेही तसेच. जेंटामायसिनच्या २ मिलिलिटरच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये ८० मिलिग्रॅम औषध असते. २ किलोच्या बाळाला किलोमागे ४ मिलिग्रॅम द्यायचे, तर ८ मिलिग्रॅम, म्हणजे अवघे ०.२ मिलिलिटर लागते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर डोस दहापट होतो आणि बाळाच्या मूत्रपिंडांना व श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. मोठ्या माणसांसाठी अख्खी अँप्युल भरण्याची सवय हाताला असते. इथे ती सवयच घात करू शकते.

अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिक्यापासून निष्णात होईपर्यंतच्या या प्रवासातला त्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे: कितीही अनुभवी परिचारिका पूर्णपणे अनोळखी विभागात गेली, तर त्या कामापुरती ती पुन्हा पहिल्या पायरीवर येते. याचा अर्थ पंधरा वर्षे वाया गेली असा नाही. हातांची स्वच्छता, नोंदींची शिस्त, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणे, ‘या रुग्णाचे काहीतरी बिनसते आहे’ हे ओळखण्याची नजर, ही शिदोरी सोबत येते. त्यामुळे अशी परिचारिका नवख्या मुलीपेक्षा लवकर तयार होऊ शकते. पण त्यासाठी वेळ लागतो, आणि ड्युटी यादी मात्र पहिल्या दिवसापासून तिला पूर्ण मनुष्यबळ म्हणून मोजते.

२०२० मध्ये करोनाच्या लाटेत वॉर्डातल्या परिचारिकांना थेट अतिदक्षता विभागात उभे राहावे लागले. व्हेंटिलेटरचा कोणता अलार्म कशाचा, हे अनेकींनी रुग्णाच्या खाटेशेजारीच शिकून घेतले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. मात्र आणीबाणीतली ही तडजोड एरवीचीही पद्धत होणे परवडणारे नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पंचेचाळिशीनंतर कंबर, गुडघे आणि रात्रपाळ्या झेपेनाशा झाल्या की काही जणी स्वतःहून वेगळा विभाग मागतात. कोणाला डायलिसिसमध्ये, कोणाला मनोरुग्ण सेवेत रस असतो. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, मानसोपचार अशा विषयांत एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम आखले आहेत. पण अभ्यासक्रम पूर्ण करून आलेली परिचारिका पुन्हा वेगळ्याच वॉर्डात पाठवली गेली, तर ते वर्ष फुकट जाते. नवजात कक्षासाठीचे खास प्रशिक्षण घेतलेल्यांनाही हेच लागू आहे.

‘माणसेच नाहीत, तर शिकवायला वेळ कुठून आणायचा?’ हा प्रशासनाचा प्रश्न खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातच ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. तरीही काही गोष्टी रिक्त पदे भरण्याआधी करता येतात. नव्या विभागातले पहिले दोन आठवडे त्या परिचारिकेला स्वतंत्र रुग्ण देऊ नयेत. तिथल्या अनुभवी सिस्टरसोबत पाळी लावावी. जोखमीच्या औषधांचा डोस दोघींनी वेगवेगळा मोजावा. रात्रपाळी ओळख झाल्यावरच द्यावी. आणि ‘मला हे येत नाही’ म्हणणाऱ्या परिचारिकेकडे कामचुकार म्हणून पाहू नये. ते वाक्य रुग्णाच्या जिवाचे रक्षण करणारे आहे.

सुरुवात अगदी साधी करता येईल. पुढच्या महिन्याच्या ड्युटी यादीत प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवावा: या विभागाचे प्रशिक्षण झाले आहे का? एका पाळीतल्या सगळ्याच नावांपुढे ‘नाही’ आले, तर ती यादी सहीसाठी पुढे जाता कामा नये.