शेवटचा हात कोठे लागला?

संगणकात बिघाड झाला की कला शाखेच्या विद्यार्थ्याने बाजूला व्हावे, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. ते काम अभियंत्यांचे, फार तर दुकानदाराचे. मीही असेच मानत होतो. गेल्या मे महिन्यात हा समज माझ्यापुरता मोडला.

माझे वडील कूलरच्या मोटारींचे वाइंडिंग करतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्या कमाईतून त्यांनी मला एक जुना संगणक घेऊन दिला. प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्‌झचा. एका मित्राने सांगितले की याचा वेग फुकटात वाढतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झचे, त्याला ३३ ने गुणायचे, म्हणजे ३.३. मी बायोसमध्ये शिरून ३३ चे ४५ केले आणि व्होल्टेजही थोडे चढवले. पण फुकट कसले? वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वीज खर्च होते, तेवढी उष्णता निघते. आणि ४५ अंशांच्या दुपारी पंखा तरी थंड हवा कोठून आणणार?

माझा संगणक तापण्याइतकाही टिकला नाही. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळाच. आकडा बदलायचा तर बायोस उघडायला हवा, आणि त्या वेगाने यंत्र तेथपर्यंत पोचतच नव्हते. म्हणजे कुलूप लागले आणि किल्ली आतच राहिली.

सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने झाकण न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल दिला आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून दोन दिवस घरी बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी सांगितले. वडील सातवी शिकलेले, संगणक आतून कधी पाहिलेला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “आखरीत हात कोठी लावला होता बे?”

मी सांगितले.

“मंग बंद असताना ते याच्या ध्यानात कसं राह्यते?”

उत्तर मदरबोर्डवरच होते : तीन व्होल्टचा एक चपटा, नाण्याएवढा सेल. संगणकाचे घड्याळ आणि बायोसची मांडणी त्याच्यावर जिवंत राहते. मी घाईघाईने सेल, मेमरीच्या पट्ट्या, वायर सगळेच ओढायला लागलो, तर वडिलांनी हात धरला. “एका टायमाले एकच. नाही तं समजन कसं?” मग रीतसर केले. प्लग काढला, उरलेली वीज जावी म्हणून बटण दाबून धरले, फक्त सेल काढून पाच मिनिटे थांबलो. परत बसवला. पडदा उजळला, तारीख तेवढी कित्येक वर्षे मागे गेली होती. (काही नव्या बोर्डांवर सेल काढून भागत नाही, तेथे त्यासाठी ठेवलेल्या दोन पिना क्षणभर जोडाव्या लागतात.)

आता मुद्दा. तर्कशास्त्राच्या तासाला आपण मिलची व्यतिरेक पद्धती शिकतो : दोन प्रसंगांत बाकी सारे सारखे आणि एकच गोष्ट वेगळी असेल, तर कारण तेथे शोधावे. मिलचा ग्रंथ १८४३ चा. मी ही व्याख्या पाठ केली, गुणही मिळवले; पण ती कोठे वापरायची असते, हे मला घरी खाटेवर बसून कळले. वडील रोज वापरतात, त्यांना नाव ठाऊक नाही. मला नाव ठाऊक होते.

म्हणून माझी सूचना अशी की महाविद्यालयात जे निकामी संगणक धूळ खात पडले आहेत, ते आठवड्यातून एक तास आम्हा बी.ए.वाल्यांपुढे ठेवावेत, सोबत एक पेचकस आणि तर्कशास्त्राचे प्राध्यापक द्यावेत. ‘शॉक लागेल’ ही हरकत रास्त आहे. वीजपुरवठ्याची पेटी प्लग काढल्यावरही वीज धरून असते, ती कोणी उघडू नये. ‘हा तुमचा विषय नव्हे’ ही हरकत मात्र मला मान्य नाही.

हिवाळ्यात मी ३३ चे ३६ करून पाहिले. चालते आहे. या वेळी आधी वडिलांना सांगितले होते.