स्मार्ट लेन्सचं घोडं अश्रूंपाशी का अडतं?

जुलै २०२५ मध्ये दुबईच्या एक्सपॅन्सिओ या स्टार्टअपने २५ कोटी डॉलर उभे केले. कंपनीची किंमत लावली गेली १३५ कोटी डॉलर, म्हणजे थेट युनिकॉर्न. दुकानात विकायला मात्र त्यांच्याकडे अजून एकही लेन्स नाही, प्रोटोटाइप आहेत. वचन असं की तुमच्या फोनचा स्क्रीन उद्या डोळ्यातल्या कॉन्टॅक्ट लेन्समध्ये येईल. समोर मॅप दिसेल, अंधारातही दिसेल, झूम करता येईल, तब्येतीची मोजमापंही तिथेच होतील.

अशी बातमी आली की पहिला प्रश्न सहसा "बॅटरी कुठे बसवणार?" हाच असतो. प्रश्न चांगला आहे, पण तो सुटण्यातला आहे. इंजिनिअर लोक चिप लहान करत आलेत, बॅटरीही करतील. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: ही लेन्स किती जणांच्या डोळ्यांत, दिवसाला किती तास, किती महिने ठेवून बघितली? कारण कॉन्टॅक्ट लेन्सच्या इतिहासात अडचण बहुतेक वेळा लेन्सच्या आत सापडलेली नाही, लेन्सखालच्या ओल्या पृष्ठभागावर सापडलेली आहे.

आधी दोनदा काय झालं

गूगलने जानेवारी २०१४ मध्ये मधुमेहींसाठी ग्लुकोज मोजणारी लेन्स जाहीर केली होती. बोटाला सुई टोचायची गरज नाही, अश्रूंमधूनच साखर कळेल, अशी कल्पना. औषध क्षेत्रातली नोव्हार्टिससारखी बडी कंपनी सोबत आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये गूगलच्याच घरातल्या व्हेरिली कंपनीने ते काम थांबवलं. अश्रूंमधली साखर आणि रक्तातली साखर यांचा मेळ पुरेसा भरवशाने बसत नव्हता.

का बसत नव्हता? अश्रूंमध्ये साखर रक्ताच्या मानाने फारच कमी असते. त्यात डोळा चुरचुरला, वारा लागला, पापणी घासली की पाणी येतं आणि प्रमाण बदलतं. आणि डोळ्यात पाणी आणणारी सगळ्यात सोपी गोष्ट कोणती? डोळ्यात घातलेली लेन्स! मोजायला गेलेली वस्तूच मोजमाप बिघडवते.

दुसरी गोष्ट मोजो व्हिजनची. जून २०२२ मध्ये त्यांच्या प्रमुखाने, ड्रू पर्किन्स यांनी, डिस्प्ले असलेली लेन्स स्वतःच्या डोळ्यात घालून दाखवली. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने साधारण तीन चतुर्थांश माणसं कमी केली आणि लेन्स बाजूला ठेवून मायक्रो-एलईडीकडे वळली. इथे मुख्य कारण पैशाचं होतं, डोळ्याचं नाही, हे सांगायला हवं. पण एका माणसाने लॅबमध्ये थोडा वेळ लेन्स घालणं आणि हजारो माणसांनी ती रोज दहा-बारा तास घालणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

केसापेक्षा पातळ पडदा

बुबुळावरचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे डोळे उघडे असताना त्याला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून मिळतो, अश्रूंच्या थरात विरघळून. हा थर जेमतेम ३ मायक्रोमीटर जाड. आपला केस याच्या वीसपट तरी जाड असतो. या इवल्याशा थरातही कामं वाटलेली आहेत. वर पापण्यांतल्या ग्रंथींचं तेल, ते पाणी उडू देत नाही. खाली पाणी आणि चिकट म्यूसिन, त्यामुळे ओल डोळ्यावर टिकून राहते.

आता यात साधी सॉफ्ट लेन्स घाला. मध्यभागी तिची जाडी साधारण ८० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे अश्रूंच्या थराच्या तीसपट. थर दुभंगतो, थोडा लेन्सच्या वर, थोडा खाली. वरच्या भागात तेलाचा पापुद्रा नीट बसत नाही, तो लवकर सुकतो. खालचा भाग जवळजवळ कोंडला जातो. संध्याकाळी लेन्स टोचू लागते ती यामुळे. नवीन लेन्स घेणाऱ्यांतले बरेच जण वर्षभरात सोडून देतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश निघालं. ही चिप नसलेल्या, दशकानुदशकं सुधारत आणलेल्या लेन्सची गोष्ट आहे.

ऑक्सिजनची मोठी पैज

या क्षेत्रातला सगळ्यात शिकवून जाणारा किस्सा इथून सुरू होतो. अमेरिकेत १९८१ मध्ये रात्रभर, सलग ३० दिवसांपर्यंत घालायच्या सॉफ्ट लेन्सना परवानगी मिळाली. लोक खूश. उठलं की दिसतंय! मग डॉक्टरांकडे कॉर्नियाला जखम आणि जंतुसंसर्ग झालेले रुग्ण येऊ लागले. १९८९ मध्ये एका प्रसिद्ध अभ्यासाने आकडे मांडले: फक्त दिवसा सॉफ्ट लेन्स घालणाऱ्या दर १०,000 जणांत वर्षाला सुमारे ४ जणांना गंभीर संसर्ग, तर झोपेतही घालायच्या लेन्समध्ये सुमारे २१ जणांना. त्याच वर्षी सलग वापराची शिफारस ७ दिवसांवर आणली गेली.

कारण काय, यावर बहुतेकांचं बोट एकाच गोष्टीकडे गेलं. लेन्समुळे कॉर्निया गुदमरतो, त्यात पापणी मिटलेली, म्हणजे दुहेरी कोंडी. मग उपाय सरळ होता, लेन्समधून ऑक्सिजन जाऊ द्या. सिडनीचे ब्रायन होल्डन आणि इतर संशोधकांनी डोळ्याला किती ऑक्सिजन लागतो याचे निकष १९८४ मध्येच मांडले होते. कंपन्यांनी वर्षानुवर्षं खपून सिलिकॉन हायड्रोजेल हा पदार्थ तयार केला. १९९९ च्या सुमारास त्या लेन्स बाजारात आल्या. पूर्वीपेक्षा कितीतरी पट जास्त ऑक्सिजन आरपार जाऊ लागला. डोळे लाल होणं, कॉर्नियाला सूज येणं, कडेने रक्तवाहिन्या आत शिरणं, हे सगळं खरोखर कमी झालं. २००१ मध्ये अमेरिकेत पुन्हा ३० रात्रींची परवानगी मिळाली.

आणि संसर्ग? २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातला देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीची सॉफ्ट लेन्स झोपेत घालणाऱ्या दर १०,000 जणांत वर्षाला १९.५ जणांना संसर्ग. सिलिकॉन हायड्रोजेल झोपेत घालणाऱ्यांत २५.४. वीस वर्षं आणि एक अख्खा नवा पदार्थ मधे गेला, पण आकडा जागचा हलला नाही.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. इंजिनिअरांनी दिलेलं काम चोख केलं होतं. काम ठरवताना चूक झाली होती. आता संशोधक दुसऱ्या गोष्टींकडे बघतात: लेन्सखाली कोंडलेले अश्रू धुतले जात नाहीत, त्यामुळे स्यूडोमोनाससारख्या जंतूंना बस्तान बसवायला वेळ मिळतो आणि कॉर्नियाच्या पेशींचं स्वतःचं संरक्षण ढिलं पडतं. यावर अजून काम चालू आहे.

घाबरवायचा हेतू नाही. त्याच अभ्यासात रोज फेकायच्या लेन्समध्ये संसर्गाचं प्रमाण दर १०,000 मध्ये २ होतं आणि एकूण वापरणाऱ्यांत दृष्टी कमी झालेल्यांचं प्रमाण दर १०,000 मध्ये एकाहूनही कमी. धोका लहान आहे. पण झोपेत लेन्स राहिली की तो सुमारे दसपट होतो.

"क्लिनिकली टेस्टेड" म्हणजे किती?

आता थोडं गणित करू. समजा एखाद्या कंपनीने २०० जणांवर तीन महिने चाचणी घेतली आणि सांगितलं, "एकालाही संसर्ग झाला नाही." ऐकायला छान. पण २०० जण गुणिले पाव वर्ष म्हणजे ५० वर्षांचा वापर. दर १०,000 मध्ये २ या हिशोबाने तिथे ०.०१ रुग्ण अपेक्षित होता. लेन्स दहापट धोकादायक असती, तरी रुग्ण सापडायची शक्यता दहात एक. म्हणजे त्या चाचणीतून आराम कळतो, नजर किती सुधारते ते कळतं, संसर्गाबद्दल जवळपास काहीच कळत नाही. दर १०,000 मध्ये २ अशी घटना एकदा दिसायची तर सरासरी ५,000 जणांनी वर्षभर लेन्स घालायला हवी.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ठरावीक गटावर चाचणी न घेता देशभरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून वर्षभराचे रुग्ण गोळा केले आणि एकूण किती लोक कोणती लेन्स वापरतात ते टेलिफोन सर्व्हेतून काढलं. असा अभ्यास लेन्स बाजारात आल्यावरच होऊ शकतो. स्मार्ट लेन्सलाही हे चुकणार नाही, म्हणजे पहिले काही हजार ग्राहक हेच खरे प्रयोगातले लोक असतील.

लॅबमध्ये पास झालेली वस्तू माणसांच्या हातात कशी नापास होते, याचं उदाहरण लेन्सच्या पाण्याचंच आहे. बॉश अँड लाँब कंपनीचं 'रेन्यू विथ मॉइश्चरलॉक' हे सोल्युशन लेन्स ओली राहावी म्हणून खास बनवलं होतं. ठरलेल्या चाचण्या ते पास झालं होतं. २००५-०६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत फ्युजेरियम नावाच्या बुरशीच्या संसर्गाचे रुग्ण वाढले. अमेरिकेत १६४ रुग्णांची खात्री पटली. मे २००६ मध्ये कंपनीने हे सोल्युशन जगभरातून मागे घेतलं. कारखान्यात बुरशी शिरली होती का? तसं दिसलं नाही. पुढच्या संशोधनात दिसलं ते असं की डबीत सोल्युशन सुकत आलं किंवा जुन्यातच नवं ओतलं, की त्याचा जंतुनाशक जोर कमी पडतो आणि त्यातले घटक बुरशीच्या पथ्यावर पडतात. लॅबमध्ये कोणी जुन्यात नवं ओतत नाही. घरी मात्र आपण सर्रास "थोडंच तर वापरलंय" म्हणून वरून भर घालतो. पुढे २०१४ मध्ये सोल्युशन लेन्स आणि डबीसकट तपासायची आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धत आली.

चाललंय ते काय

स्मार्ट लेन्स म्हणजे नुसती हवा, असंही नाही. काचबिंदूच्या रुग्णांसाठी 'ट्रिगरफिश' नावाची सेन्सरवाली लेन्स आहे. डोळ्याच्या दाबासोबत त्याच्या आकारात होणारे बारीक बदल ती २४ तास नोंदवते. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये तिला परवानगी दिली. २०२२ मध्ये अॅलर्जीवरचं केटोटिफेन हे औषध लेन्सखालच्या पृष्ठभागावर सोडणाऱ्या लेन्सलाही परवानगी मिळाली. दोन्हींत साम्य बघा. काम एकच, वेळ मर्यादित, आणि डोळ्याला काय होतं ते मोजून दाखवलेलं. डिस्प्ले, झूम, रात्रीची नजर आणि साखर, असं सगळं एकात देणाऱ्या लेन्सने यातलं काहीच अजून दाखवलेलं नाही.

तोवर तुमच्या डोळ्यात जी आहे तिचं

१९९३ मध्ये जपानच्या काझुओ त्सुबोता यांनी लोकांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. निवांत बसल्यावर मिनिटाला २२ वेळा, पुस्तक वाचताना १०, कॉम्प्युटरवर वाचताना ७. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. पापणी मिटली नाही की तेलाचा थर पसरत नाही आणि लेन्सवरचं पाणी उडून जातं. त्यामुळे लेन्स घालून तीन तास रील बघणं आणि तीन तास रस्त्याने फिरणं डोळ्याला सारखं नसतं. दिवसाचा स्क्रीन टाइम जास्त असेल, तर घरी आल्यावर चष्मा लावा. चष्मा फोटोत चांगला दिसत नसेल, पण घरी फोटो कोण काढतंय?

पाण्याचा मुद्दा त्याहून गंभीर. लंडनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा वापरायच्या लेन्स घालणाऱ्यांत अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाच्या संसर्गाची शक्यता रोज फेकायच्या लेन्सच्या जवळपास चौपट होती. लेन्स घालून शॉवर घेतल्यानेही धोका वाढला. ब्रिटनमध्ये याआधी घरातल्या माळ्यावरच्या टाकीच्या पाण्याकडेही बोट दाखवलं गेलं होतं. आपल्या इमारतींच्या गच्चीवर काय आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. भारतात हा संसर्ग लेन्स न घालणाऱ्यांतही, डोळ्याला मार लागून किंवा माती-घाण पाणी जाऊन, बराच होतो. त्यामुळे नळाचं पाणी लेन्सला आणि डबीला लावूच नका, मग ते आरओचं असलं तरी. पोहताना आणि पावसात भिजायला जातानाही लेन्स काढूनच जा.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेडिकलवाल्याकडून मनाने ड्रॉप घेऊ नका, विशेषतः स्टेरॉइडचा, संसर्ग असेल तर तो चिघळू शकतो. आणि काढलेली लेन्स फेकू नका. डबी आणि सोल्युशनची बाटलीही सोबत न्या, कोणता जंतू आहे ते शोधायला लॅबला कधीकधी त्याचाच उपयोग होतो.