स्वस्त कॅमेरा आणि कच्चे बिल

तुळशीविवाह आटोपून लग्नसराईची चाहूल लागली, की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव अशा सर्व गावांतून छायाचित्रकारांची धावपळ सुरू होते. कोणाला जुना कॅमेरा बदलावयाचा असतो, कोणाला नवी लेन्स हवी असते. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आलेला एखादा शेतकरी आपल्या मुलास फोटो स्टुडिओ थाटून देण्याच्या विचारात असतो. बुलढाणा जिल्ह्यात हा व्यवसाय आज शेकडो कुटुंबांचा पोशिंदा झाला आहे. त्यात हौशी मंडळींचीही भर पडली आहे. 2020 च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची चित्रे देशोदेशी पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या सरोवरास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी एक वर्ष, टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो मैलांची पायपीट करून ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून लोणारच्या काठावर किंवा ज्ञानगंगेच्या रानात दिसणाऱ्या शिक्षक, डॉक्टर आणि वकील यांचे आम्हांस नवल वाटेनासे झाले आहे.

या सर्वांना खरेदीच्या वेळी एकच प्रश्न पडतो. त्याच कॅमेऱ्याची एका दुकानात एक किंमत सांगितली जाते आणि दुसऱ्या दुकानात तीच वस्तू कितीतरी स्वस्त मिळते. स्वस्त देणारा दुकानदार हळू आवाजात इतकेच सांगतो, की बिल कच्चे मिळेल आणि हमी दुकानाची राहील. 2025 च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबई आपल्या जिल्ह्यास पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आली आहे. सकाळी निघून सायंकाळपर्यंत फोर्टमधील बोरा बाजार गाठणे आता अवघड राहिले नाही. त्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या नेकीने धंदा करणाऱ्या पेढ्या आहेत. परंतु मुंबई असो, नागपूर असो की आपला जिल्हा असो, कच्च्या बिलाचा हा मोह सर्वत्र सारखाच पसरलेला आहे. तो नीट समजून घेतल्यावाचून त्यावर मत देणे योग्य होणार नाही.

रेशनिंगच्या काळापासून काळा बाजार हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. व्यापारी ज्यास ग्रे मार्केट म्हणतात तो करडा बाजार त्याहून निराळा आहे. तेथे विकला जाणारा कॅमेरा बहुधा बनावट नसतो. तो त्याच कंपनीने, त्याच कारखान्यात तयार केलेला असतो. फरक इतकाच, की कंपनीने तो हाँगकाँग, दुबई किंवा सिंगापूर येथील ग्राहकासाठी पाठविलेला असतो आणि तेथून कोणी तिऱ्हाईत तो भारतात आणतो. कंपन्या निरनिराळ्या देशांत निरनिराळे भाव ठेवतात, चलनाचे दर बदलतात, आणि त्या फरकावर हा व्यापार चालतो. कोणी रीतसर आयात करून व कर भरून असा माल विकीत असेल, तर स्वस्ताईचे कारण तेथेच संपते. परंतु पुष्कळदा माल प्रवाशाच्या सामानातून, जकात आणि वस्तू व सेवा कर दोन्ही चुकवून येतो. तेव्हा स्वस्ताईचा काही भाग सरकारी तिजोरीतून आणि काही भाग ग्राहकाच्या सुरक्षिततेतून काढलेला असतो. बिल कच्चे का, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

असा आयात माल विकणे हाच गुन्हा आहे काय? या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या न्यायालयांत झालेला आहे. सॅमसंग कंपनीने परदेशांतून परस्पर आणलेल्या आपल्याच प्रिंटरच्या विक्रीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 2012 च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तो फिरविला. अस्सल माल जगात कोठेही एकदा विकला गेला, की बोधचिन्हाच्या जोरावर त्याची पुढील विक्री रोखता येत नाही, अशी त्या निकालाची दिशा होती. तथापि त्याबरोबरच खंडपीठाने एक अट घातली. हा माल परदेशांतून आणलेला आहे, कंपनी त्याची हमी देत नाही, आणि विक्रीनंतरची सेवा विक्रेता स्वतः देतो, हे त्याने आपल्या दुकानात ठळकपणे लिहिले पाहिजे. आमच्या मते सर्व प्रश्नाचा गाभा या अटीत आहे. उघडपणे सांगून विकलेल्या मालाविषयी ग्राहक आपला विचार करू शकतो. दोष आहे तो लपविण्यात. दुकानात तशी पाटी लावून, पक्के बिल देऊन आयात माल विकणारा व्यापारी विरळा, आणि हातच राखून बोलणारे मात्र अनेक, हे आजचे वास्तव आहे.

आता ग्राहक काय गमावतो ते पाहू. कॅमेऱ्याची हमी अनेक कंपन्या ज्या देशासाठी माल पाठविला त्या देशापुरतीच देतात. अमेरिकेतील निकॉन कंपनीने तर करड्या बाजारातील कॅमेरा पैसे घेऊनही दुरुस्त न करण्याचे धोरण पत्करलेले आहे. दुकानाची हमी ही दुकान आहे तोवरची आणि दुकानदाराच्या मर्जीची असते. मुंबईतील ग्राहक निदान चार वेळा जाऊन उभा राहू शकतो. बुलढाण्याच्या ग्राहकास त्यासाठी दर खेपेस एक दिवस आणि प्रवासखर्च खर्ची घालावा लागतो. ऐन लग्नाच्या मुहूर्तावर शटर अडकले, तर वरपक्षाचा रोष आणि बुडालेली बिदागी यांची भरपाई कोण करणार? वाचलेले दहा-पंधरा हजार रुपये अशा एका प्रसंगातच संपतात. कॅमेरा चोरीस गेला तर विमा कंपनी बिल मागते. बँकेकडून कर्ज घ्यावयाचे तर बँकही तेच मागते.

व्यवसाय करणाऱ्याचा हिशेब तर उघडच आहे. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर 1 जानेवारी 2019 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. समजा, पक्क्या बिलावर कॅमेऱ्याची मूळ किंमत 1,00,000 रुपये आणि कर 18,000 रुपये आहे, आणि कच्च्या बिलावर तोच कॅमेरा 1,05,000 रुपयांस मिळतो. वरवर पाहता 13,000 रुपये वाचले. परंतु ज्या स्टुडिओची नियमित कर-नोंदणी आहे, त्यास पक्क्या बिलावरील 18,000 रुपयांची वजावट आपल्या करातून मिळते. म्हणजे त्यास कॅमेरा एक लाखास पडतो, आणि कच्च्या बिलाचा कॅमेरा पाच हजारांनी महाग ठरतो. ज्याची नोंदणी नाही त्यास ही वजावट मिळत नाही, हे खरे. त्याने मात्र ते 13,000 रुपये म्हणजे सवलत नसून हमीचा त्याग केल्याचे मोल आहे, हे ध्यानी ठेवूनच निर्णय घ्यावा.

विश्वासू विक्रेता ओळखावा कसा? दुकानाच्या झगमगाटावरून किंवा दुकानदाराच्या गोड बोलण्यावरून तो ओळखू येत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, ती आधी पाहावी. वैध मापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांप्रमाणे आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. तो नसेल तर माल कोणत्या वाटेने आला हे विचारावे. खोक्यावरील, कॅमेऱ्यावरील आणि हमीपत्रावरील अनुक्रमांक एकच आहे की नाही, हे दुकानातच पडताळून तो बिलावर लिहून घ्यावा. चार्जरची पिन परदेशी धाटणीची असेल तर संशय घ्यावा. पांढऱ्या साध्या खोक्यात मिळणारी लेन्स ही बहुधा मूळ संचातून फोडून काढलेली असते. वापरलेला कॅमेरा नवा म्हणून गळ्यात मारण्याचे प्रकारही होतात. अनेक कॅमेऱ्यांत किती चित्रे घेतली गेली याची नोंद चित्राच्या फाइलमध्ये सापडते, तीही पाहून घ्यावी.

जाहिरातीत अतिशय कमी भाव दाखवावयाचा, आणि ग्राहक आल्यावर बॅटरी, चार्जर, पट्टा यांचे निराळे पैसे लावावयाचे, ही तर जगभरची जुनी युक्ती आहे. वस्तुतः या वस्तू मूळ खोक्यातच असावयाच्या. इंटरनेटवरून खरेदी करणाराने मोठ्या संकेतस्थळाच्या नावावर न विसंबता प्रत्यक्ष विक्रेता कोण आहे ते पाहावे. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनी ती माहिती देणे बंधनकारक केले आहे. ज्याच्या खिशास नवा कॅमेरा झेपत नाही, त्याने मूळ बिलासह जुना कॅमेरा उघडपणे घ्यावा. कच्च्या बिलाच्या नव्या कॅमेऱ्यापेक्षा तो व्यवहार अधिक सुरक्षित ठरतो.

फसवणूक झालीच, तर बुलढाण्याच्या ग्राहकाने हताश होण्याचे कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विहित रीतीने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा होय. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही बिलावर छापलेली ओळ सदोष मालाच्या बाबतीत विक्रेत्यास तारू शकत नाही. त्याहून महत्त्वाचे असे, की मुंबईत घेतलेल्या मालाची तक्रार आता ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगापुढे, म्हणजे बुलढाण्यातच, करता येते. किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तिला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. व्यवसायासाठी कॅमेरा घेतला म्हणून आपण ग्राहक नाही, असा गैरसमजही कोणी करून घेऊ नये. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूस कायद्याने संरक्षण दिले आहे. 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य सेवा सल्ला देते. परंतु या सर्व अधिकारांचा पाया एका कागदावर आहे. ज्याने कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले, त्यास आपण ती वस्तू तेथेच, त्या किमतीस घेतली, हे सिद्ध करण्यापासूनच झगडावे लागते.

व्यापाऱ्यांसही आमचे सांगणे आहे. आपल्या जिल्ह्यातील खामगावची चांदी दूरदूरचे लोक शोधीत येऊन का घेतात? चांदी सर्वत्र तीच असते. खामगावच्या पेढ्यांनी शुद्धतेविषयी जी साख जमविली, तिच्या बळावर तो बाजार उभा आहे. यंत्राच्या आतील भाग ग्राहकास दिसत नाही, जसा दागिन्यातील कस दिसत नाही. म्हणून विक्रेत्याच्या शब्दास मोल येते. कॅमेरे विकणाऱ्या आपल्या दुकानदारांनी आयात माल असेल तर तसे लिहून सांगावे, अनुक्रमांकासह पक्के बिल द्यावे, आणि किंमत का कमी आहे हे विचारणाऱ्यास स्पष्ट उत्तर द्यावे. असे करणाऱ्यास आज चार गिऱ्हाइके कमी मिळतील, परंतु उद्याचा धंदा त्याच्याकडेच जाईल, हे खामगावच्या सराफ्याने दाखवून दिले आहे.

सरकारी यंत्रणेचेही यात कर्तव्य आहे. वैध मापनशास्त्र विभागाचे निरीक्षक वजन-मापे तपासतात. लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी कॅमेऱ्यांच्या व मोबाइलच्या दुकानांतील खोक्यांवरील मजकूरही तपासावा. वस्तू व सेवा कर विभागाने कच्च्या बिलांचा शोध घ्यावा. मात्र त्या तपासाचा रोख नोंदवही नीट ठेवणाऱ्या लहान दुकानदारावर नसावा. पक्के बिल देणाराच तपासात सापडतो आणि न देणारा निसटतो, असे घडत राहिले तर प्रामाणिकपणाची शिक्षा प्रामाणिकासच मिळेल.

ग्राहकाने बिल मागितल्याशिवाय बिलाची रीत रुजत नाही. आपल्याकडे सुशिक्षित माणूसही काही शेकडा रुपयांसाठी बिलाशिवाय द्या असे स्वतःहून म्हणतो, आणि पुढे वस्तू बिघडली की व्यापाऱ्यास दोष देतो. या हंगामात जे कोणी कॅमेरा घेण्यास निघतील, त्यांनी किंमत विचारण्यापूर्वी बिल पक्के मिळेल काय, हा एक प्रश्न विचारावा, आणि नाही असे उत्तर मिळाल्यास पुढच्या दुकानाची पायरी चढावी.