पहिल्या रिमांडच्या आधी वकील

गावाकडून येणाऱ्या एका फोनबद्दल आपण इथल्या मंडळात कधीच बोलत नाही. भाचा, पुतण्या किंवा चुलत्याचा मुलगा गांजासकट सापडलेला असतो, पोलीस त्याला घेऊन गेलेले असतात, आणि घरचे दबक्या आवाजात सांगतात, 'कुणाला बोलू नका, पण काहीतरी करा.' छत्रपती संभाजीनगरातून इथे कॅनडात आलेल्या बऱ्याच घरांना हा फोन माहीत आहे. असा फोन आला की आपण पैसे पाठवतो आणि ओळख शोधतो. माझं स्पष्ट मत आहे की या दोन्ही गोष्टी थांबवून आधी एकच काम करायला हवं. मुलाला पहिल्यांदा रिमांडसाठी न्यायाधीशांपुढे उभं करतील, त्याआधी त्याच्या बाजूला वकील असला पाहिजे.

आपली गफलत इथल्या हवेमुळे होते. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि प्रौढ माणूस तीस ग्रॅमपर्यंत जवळ बाळगू शकतो. त्यामुळे 'एवढ्याशासाठी अटक?' असं आपल्या तोंडून निघून जातं. तिकडे भारतात नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागू आहे. त्यात गांजाचं एक किलोपर्यंतचं प्रमाण अल्प मानलं जातं आणि त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एक किलोच्या वर, व्यापारी प्रमाणाच्या आत असेल तर दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, तिथे शिक्षा किमान दहा वर्षं. शिवाय व्यापारी प्रमाणात कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नसावा, असं मानायला सबळ कारण दिसल्याशिवाय न्यायालय जामीन देऊ शकत नाही. 'थोडाच होता, ठाण्यातूनच सुटेल' ही समजूतही सोडून द्यावी लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एका गाजलेल्या जामीन प्रकरणात सांगितलं आहे की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे पाचशे ग्रॅमवाल्यालाही न्यायालयातच जामीन मागावा लागतो, आणि तो मागायला वकील लागतो.

माझ्या नात्यातल्या एका घरात नेमकं उलटं झालं. बहिणीने फोनवर म्हटलं, "दादा, एखाद्या साहेबाची ओळख निघते का बघ ना." ओळख निघाली, मध्यस्थाकडे पैसे गेले, त्याने 'मॅनेज करतो' म्हणून सांगितलं. वकीलपत्र मात्र दुसऱ्या रिमांडनंतर दाखल झालं. तोवर मुलाने काय काय कागदांवर सह्या केल्या होत्या, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते कागद महत्त्वाचे असतात. त्यातला पंचनामा नीट वाचा. 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया, काड्या असलेला गांजासदृश पदार्थ, पिशवीसह वजन केले असता' अशा धाटणीचं वाक्य त्यात असतं. सामान्य वाचक ते वाचून पुढे जातो, जाणता वकील तिथेच थांबतो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. मग वजन नेमकं कशाचं केलं? पिशवीचं किती, काड्यांचं किती? २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच व्याख्येवर बोट ठेवून अठ्ठेचाळीस किलोंच्या एका प्रकरणात जामीन दिला होता. अंगझडती घेणार असतील तर 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घ्या' असं म्हणण्याचा कलम ५० चा हक्क आहे. तो नुसत्या पिशवीच्या झडतीला लागू होत नाही, आणि हा फरक न कळल्यामुळे चुकीचे अर्ज होतात. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, हा कलम ५२-अ चा प्रश्नही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत, लेखी आणि उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी दिलीच पाहिजेत. हे सगळं रिमांडच्या वेळी कुणीतरी उठून विचारायचं असतं. मध्यस्थ ते विचारत नाही.

वकील शोधायचा कसा? आपण गुगलवर 'बेस्ट लॉयर' टाकतो आणि पहिलं नाव उचलतो. भारतात वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढीच माहिती चालते. तेव्हा 'नंबर एक' म्हणून यादीत चमकणाऱ्या नावावर भरवसा ठेवण्याचं कारण नाही. 'जामीन झाला तरच फी' असा सौदाही नियमात बसत नाही. तो करणाऱ्यापासून लांब राहा. सनद विचारा, एनडीपीएसचे खटले स्वतः चालवलेत का ते विचारा, फीची पावती मागा.

खासगी वकील त्या रात्री मिळाला नाही, तर अदालत रोडवर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० हा देशभराचा मदत क्रमांक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मामा कॅनडात आहे म्हणून तो हक्क जात नाही. आता लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. तिथले वकील पूर्णवेळ फौजदारी बचावाचंच काम करतात. प्रकरण पुढे जालना रोडवरच्या खंडपीठात गेलं तर तिथेही विधी सेवा उपसमिती आहे. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, आणि मला ते फार लागतं. हा हक्क कुणी मेहरबानीने दिलेला नाही. कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत आणि मोफत वकील मिळालाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ज्या होसकोट खटल्यात ठरवलं, तो खटला महाराष्ट्राविरुद्धचाच होता.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरात आणि पैठण एमआयडीसीत कोकेन, मेफेड्रोन, केटामाइनचा कोट्यवधींचा साठा पकडला गेला. शहराला ही कीड लागलेली असताना आपण आरोपींचे वकील का शोधायचे? चीड मलाही आहे. पण कारखाना काढणाऱ्याकडे वकिलांची फौज असते. वकिलाविना उभा राहतो तो कॉलेजच्या मागे पुडी घेणारा मुलगा. त्याला व्यसन लागलं असेल तर कायद्यातही त्याच्यासाठी वाट आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. त्यासाठी अर्ज, उपचारांची कागदपत्रं आणि ते मांडणारा वकील लागतो.

आपल्यापैकी ज्यांची शेती तिकडे आहे, त्यांनाही हा विषय लांबचा नाही. पैठण, कन्नड, वैजापूरकडची जमीन बटईने दिलेली असते आणि सातबारा आपल्या नावावर असतो. कपाशीत किंवा तुरीत गांजाची झाडं लावलेली सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. लागवडीला वजन बघितलं जात नाही, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे माहीत असूनही कळवलं नाही, तर कलम ४६ खाली जमीनधारकही अडकतो. बटईचा करार लेखी करा, आणि कळलं की त्याच दिवशी वकिलाला विचारून पोलिसांना कळवा. इथली दुकानं पाहून 'आपल्या रानात हेम्प लावू' म्हणणाऱ्यांनी उत्तराखंडाकडे बोट दाखवू नये. त्या राज्याने २०१८ मध्ये नियमन करून कमी नशेच्या वाणाला परवानगी दिली. महाराष्ट्रात शेतकऱ्यासाठी तशी परवाना पद्धत नाही. २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली, पण त्यावरून झाड लावायची मुभा मिळत नाही.

मग इथून खरी मदत काय करता येते? जामीन मंजूर होऊनही माणूस हर्सूलच्या कारागृहात राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. ऐपतीचा दाखला असलेला स्थानिक जामीनदार शोधणं हे काम आपण फोनवरून करू शकतो. खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर तारीख आणि आदेश टोरंटोत बसून दिसतात, वकिलाच्या किंवा मध्यस्थाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

येत्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. मंडळाने दोन सदस्यांवर ही जबाबदारी द्यावी, त्यांनी संभाजीनगर, पुणे, नागपूर, मुंबई इथल्या विधी सेवा प्राधिकरणांचे क्रमांक दरवर्षी तपासून सदस्यांना द्यावेत, आणि असा फोन आलेल्या घराने त्यांना रात्री कितीही वाजता उठवावं. नावं गुप्त राहतील. पहिल्या वर्षासाठी माझं नाव मी देत आहे. दुसरं नाव हवं आहे.