काडतूस बोलतं का?

मंडळी, मागच्या अंकात या सदरात कचऱ्याच्या वर्गीकरणावर लिहिलं, तेव्हा पुण्याहून आमच्या मावशींचा फोन आला होता, "पुढच्या वेळी जरा दिवाळीला शोभेल असं लिही गं." म्हणून या वर्षी दारूगोळा!

जपानमध्ये नवी ओळख झाली की चौथ्या वाक्याला रक्तगट विचारतात, हे तुम्हाला माहीतच आहे. ए म्हणजे शिस्तीचा, बी म्हणजे मनस्वी, ओ म्हणजे मोकळाढाकळा, आणि एबी म्हणजे कधी काय करेल सांगता येत नाही. १९२७ साली फुरुकावा ताकेजी यांनी हे पिल्लू सोडलं आणि १९७१ मध्ये नोमी मासाहिको यांच्या पुस्तकाने ते घराघरांत पोचवलं. विज्ञानाने केव्हाच निकालात काढलंय, पण ऑफिसच्या पार्टीत अजून चालतं.

टेक्सासला असलेल्या आमच्या भाच्याने सांगितलं, तिकडे हाच खेळ काडतुसांवर खेळतात. तुझ्या रायफलीचं आवडतं काडतूस सांग, तुझा स्वभाव सांगतो. थर्टी-ऑट-सिक्सवाला म्हणजे आजोबांच्या वाटेने जाणारा, कारण ते काडतूस १९०६ सालचं. थ्री-ओ-एटवाला व्यवहारी, कुठल्याही दुकानात मिळेल तेच घेणारा. आणि २००७ मध्ये आलेलं सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर वापरणारा म्हणजे केसांचा अंबाडा बांधून कॉफीवर व्याख्यान देणारा तरुण. गंमत अशी की साडेसहा मिलिमीटरची गोळी जपानी सैन्याने १८९७ मध्येच अरिसाका रायफलीत घातली होती. पुढे ती कमजोर वाटली, म्हणून १९३९ मध्ये ७.७ मिलिमीटरवर गेले. म्हणजे इथली टाकलेली फॅशन तिकडे शंभर वर्षांनी नवी.

आपल्याकडे तर माणसालाच काडतूस म्हणतात. आमची धाकटी आत्या काडतूस होती. राजकारण्यांनी मध्यंतरी त्याचं फडतूसशी यमक जुळवून दाखवलं, ते सोडून देऊ.

हे सगळं गमतीत ऐकलं आणि मग मला आमचे शेजारी आठवले. आम्ही निशी-कासाई सोडून साइतामाच्या डोंगराकडे राहायला आलो, तेव्हा दुसऱ्याच वर्षी दारात ओमावारी-सान उभे. माझ्या पोटात गोळा. रेसिडेन्स कार्ड शोधायला धावले, तर ते म्हणाले, तुमचं काही नाही, शेजारच्या आजोबांबद्दल विचारायचंय. ते दारू किती पितात? घरातून आरडाओरडा ऐकू येतो का? कुणाशी भांडण? माझ्या मोडक्या जपानीत मी एवढंच सांगू शकले की वसंतात ते आम्हाला बांबूचे कोंब देतात आणि शरदात पर्सिमन. हवालदाराने ते गंभीरपणे लिहून घेतलं.

नंतर कळलं, आजोबा शिकारी. त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. इथे बंदूक हवी तर वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरांचा दाखला, घरच्यांची चौकशी, शेजाऱ्यांची चौकशी. शिकारीसाठी रायफल हवी असेल, तर साधारणपणे आधी १० वर्षं शॉटगन बाळगलेली असावी लागते. काडतुसं घ्यायची तर पोलिसांची वेगळी परवानगी, आणि घरी ती बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. टेक्सासमध्ये काडतुसावरून स्वभाव ओळखतात. इथे आधी स्वभाव तपासतात, मग काडतूस देतात.

एकदा पर्सिमन घेऊन आले तेव्हा मी धीर करून विचारलंच, "ओजी-सान, तुमचं आवडतं काडतूस कोणतं?" ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "आवड माझी नसते, नळीची असते." वापरायचे ते थ्री-ओ-एट, कारण रायफल त्या मापाची आणि गावातल्या दुकानात ते मिळतं. पण त्यातही एका कंपनीच्या गोळ्या त्यांच्या नळीतून नीट एकाच जागी लागायच्या, आणि दुसरीच्या, जास्त महागाच्या, विखुरायच्या. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

हे मला पटलं, कारण असंच मी आपल्या कोल्हापूरकरांबद्दल वाचलं होतं. २०२१ च्या ऑलिंपिकला तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत आमच्या घरापासून तासाभरावर, आसाकाच्या रेंजवर होत्या. प्रेक्षकांना बंदी, त्यामुळे मंडळातल्या आम्ही सगळ्यांनी टीव्हीपुढेच हळहळून घेतलं. मग २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं, ४५१.४ गुणांनी. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर मराठी मातीचं हे पहिलं वैयक्तिक पदक. या खेळात सगळे पॉइंट टू-टूचंच काडतूस वापरतात, निवड उरतच नाही. पण दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट काडतुसांच्या कारखान्यात जातात. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या खेपा झाडून बघतात आणि नळीला मानवेल ती खेप विकत घेतात. परवडणाऱ्यांची गोष्ट. स्वप्नीलच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं त्या वेळी पेपरात आलं होतं. मोजून झाडलेली गोळी कशी असते, ते त्या घराला कुणी शिकवायला नको.

आजोबाही मोजायचे. त्यांची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. कायद्यानेच ठेवावी लागते: तारीख, किती घेतली, किती झाडली, कुठे, उरली किती. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा ते वेचून आणायचे. मी पाहिलेल्या पानावर एका अख्ख्या हिवाळ्यात ११ गोळ्या होत्या. त्यातल्या आठ रेंजवर नेम जुळवायला, तीन हरणांसाठी. (हरणाचं मांस आमच्या शाकाहारी घरी यायचं आणि तसंच मंडळातल्या एका सांगलीकरांकडे जायचं. त्याचा तांबडा रस्सा कसा होतो, ते त्यांनाच विचारा.)

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा नियम आलाय. अस्वल वस्तीत शिरलं, तर काही अटींवर नगरपालिका शिकाऱ्याला तिथेच गोळी झाडायला सांगू शकते. २०२३-२४ मध्ये अस्वलांनी देशभरात दोनशेहून जास्त माणसांना जखमी केलं, म्हणून हे करावं लागलं. पण झाडणार कोण? शिकारी सगळे म्हातारे. पंचाहत्तरीनंतर नूतनीकरणाला स्मरणशक्तीची चाचणी असते. आमचे आजोबा ती पास झाले होते. तरी या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच रायफल सोडली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि गल्लीत, घरांच्या मधे गोळी झाडायची वेळ आली तर आपला हात नको, म्हणाले.

ओमावारी-सान आता येत नाहीत. आजी म्हणाल्या, लोखंडी कपाटाच्या जागी लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात. उरलेली काडतुसं दुकानदाराकडे जमा केली, त्या दिवशी आजोबा वही दाखवायला आले होते. शेवटच्या ओळीत तारीख, जमा ७, शिल्लक ०. शून्य त्यांनी दोनदा गिरवलं होतं.