पाणी गाळतो, मग लिंक का नाही?



कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याची यात्रा उघडते आणि जुन्नर, नारायणगाव, मंचरच्या आपल्या ग्रुपवर धर्मशाळा बुकिंगच्या लिंका फिरू लागतात. वर 'जय जिनेंद्र' लिहिले असले की कोणी शंकाच घेत नाही. आणि आपण म्हणे पाणी गाळल्याशिवाय पीत नाही!

एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे विभागाने यात्रेकरूंना सावध केले होते. केदारनाथचे हेलिकॉप्टर, सोमनाथचे अतिथिगृह यांच्या नावाने बनावट साइट निघाल्या होत्या.

"कुलपाचे चिन्ह दिसते ना, मग झाले" हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही भरलेली माहिती मधल्या वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे ट्रस्ट बसलाय की ठग, हे त्याला काय ठाऊक! मी पत्ता शेवटून वाचते, पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीपर्यंतचा. माणसाचे आडनाव शेवटी असते, तसेच हे. लाडकी बहीण योजनेच्या पत्त्याचे आडनाव 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन'. 'लाडकी बहीण' पुढे असून शेवट भलताच असेल, तर ती साइट सरकारची नव्हे.

धर्मशाळांना मात्र असे सरकारी आडनाव नसते. तिथे पेढीला फोन करायचा, पण नंबर त्या साइटवरचा नाही, जुन्या पावतीवरचा. पैसे भरताना ट्रस्टऐवजी एखाद्याचे खासगी नाव दिसले तर तिथेच थांबा. गेलेच पैसे, तर लगेच 1930 लावा. घरचे काय म्हणतील हे नंतर.

यात्रेच्या पावत्या मी डब्यात जपते. घरातले हसतात, हसू देत.