शाळेतील छळ आणि गुरुजनांचे उत्तरदायित्व

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबात मोठा बदल घडतो. देव्हाऱ्याच्या जागी भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा येते, दारावर पंचशील ध्वज लागतो, सायंकाळी घरातील लहानथोर वंदनेला एकत्र बसतात. परंतु दुसऱ्या दिवशी त्या घरातील मूल पाटी-दप्तर घेऊन ज्या शाळेत जाते, ती शाळा मात्र कालचीच असते. तेथे त्याला जुन्या जातीच्या नावाने हाका मारल्या जातात, त्याच्या नव्या धर्माची टिंगल होते, मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा उघडायला कोणी बसत नाही, कवायतीत त्याचा हात धरण्याचे टाळले जाते. क्वचित प्रसंगी वाटेत गाठून मारही दिला जातो. मूल घरी येते ते मुकाट्याने. आईने फारच खोदून विचारले तर दोन शब्द सांगते, आणि वडील म्हणतात, “बाळा, तिकडे दुर्लक्ष कर. तू आपला अभ्यास कर.”

हा उपदेश प्रेमापोटी केलेला असतो, यात शंका नाही. पिढ्यान्‌पिढ्या अपमान गिळून जगलेल्या समाजाला त्याखेरीज दुसरा मार्ग कोणी दाखविलाही नव्हता. तथापि या उपदेशाने होते काय, तर सोसण्याचे सारे ओझे त्या लहानग्या जिवावर पडते आणि ज्यांनी ते उचलावयाचे ते मोकळे राहतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की, शाळेच्या आवारात एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याचा छळ केला तर त्याची पहिली जबाबदारी शाळेच्या सेवकवर्गाची आहे. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, कारकून, शिपाई आणि वसतिगृहाचा अधीक्षक हे सर्व त्यात आले.

यावर ठरावीक उत्तर मिळते, “अहो, पोरांचीच भांडणे ती! आज भांडतील, उद्या गळ्यात गळे घालतील.” दोन मुले गोट्यांवरून भांडली तर हे उत्तर योग्य आहे. परंतु जेथे दहा मुले एका बाजूला आणि एक मूल दुसऱ्या बाजूला असते, आणि तो एकटा दररोज तोच असतो, तेथे त्याला भांडण म्हणणे ही सत्याची विटंबना होय. मूल जातीचा विचार घरून घेऊन येते, हे खरे. मात्र शाळेच्या उंबरठ्यावर तो विचार अडवावयाचा की आत येऊ द्यावयाचा, हे मुले ठरवीत नाहीत. ते शिक्षक ठरवितात. वर्गात जातिवाचक शब्द उच्चारला गेला आणि गुरुजी फळ्याकडे वळून लिहीत राहिले, तर त्या क्षणी चाळीस मुलांनी एक धडा घेतलेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण साताऱ्याचेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या शाळेत, लहानग्या भीमरावांचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळच्या शाळेचे चित्र बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. बसावयास गोणपाटाचा तुकडा वेगळा, तो घरून आणावयाचा व सायंकाळी परत न्यावयाचा, कारण शाळा झाडणारा नोकरदेखील त्याला शिवत नसे. तहान लागली तर इतर मुलांना गुरुजींची परवानगी पुरे होई. या मुलाला मात्र नळाला हात लावण्याची बंदी होती. शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी प्यावे, आणि शिपाई जागेवर नसला तर तहानलेलेच राहावे.

हे वर्णन लक्ष देऊन वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यातील एकही नियम मुलांनी केलेला नव्हता. बसण्याची जागा शिक्षकाने ठरविली होती, गोणपाटाला न शिवणारा झाडणारा नोकर शाळेचा होता, पाण्याची किल्ली शिपायाच्या हाती होती. शाळेतील मोठ्या माणसांनी ज्याला दूर बसविले त्याला वर्गातील मुलांनी दूर लोटले, तर त्यात मुलांचा दोष किती आणि मोठ्यांचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याच साताऱ्यात बाबासाहेबांना प्रेमळ शिक्षकही लाभले आणि त्यांच्या मायेची आठवण त्यांनी जन्मभर कृतज्ञतेने जपली. पण एका शिक्षकाची माया गोणपाटाचा तो तुकडा उचलून टाकू शकली नाही. व्यक्तीचा दयाळूपणा ही वंदनीय गोष्ट आहे, परंतु शाळेचा नियम ही वेगळीच गोष्ट आहे. दयाळू गुरुजींची बदली झाली की दया त्यांच्याबरोबर जाते, नियम मात्र शाळेत राहतो. म्हणून आम्ही दया मागत नाही, नियम मागतो.

नियम केला तर तो पाळला जातो, याची साक्ष साताऱ्याच्या पूर्वेकडील औंध देते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचे विलक्षण वेड होते. त्यांनी संस्थानातील शाळांत ते सक्तीचे केले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत, औंध, कुंडल, आटपाडी अशा विखुरलेल्या मुलखातील मुले गुरुजींच्या देखरेखीखाली ओळीत उभी राहून नमस्कार घालीत. नमस्कारांच्या गुणदोषांत आम्हांस येथे शिरावयाचे नाही. मुद्दा एवढाच की, शाळा जी गोष्ट आपले काम मानते ती गोष्ट घडते. जी शाळा शेकडो मुलांना एका ओळीत उभे करू शकते, ती एका मुलाला दुसऱ्याच्या शेजारी निर्भयपणे बसवू शकत नाही, हे आम्हांस पटत नाही.

याच संस्थानातील आटपाडीच्या तराळाच्या घरी १९२१ साली जन्मलेला एक मुलगा औंधच्या शाळेत शिकला. तो पुढे वकील झाला, बाबासाहेबांच्या चळवळीत उभा राहिला, ‘प्रबुद्ध भारत’चा संपादक झाला आणि मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदी बसला. शंकरराव खरातांचे हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे. मात्र जे टिकले त्यांचीच नावे इतिहासात राहतात. रोजच्या अवहेलनेला कंटाळून ज्यांनी तिसरी-चौथीतच दप्तर खुंटीला लावले, त्यांची गणती कोणी ठेवली नाही. शाळा सोडलेल्या मुलाच्या नावापुढे हजेरीपटात ‘सतत गैरहजर’ असे दोन शब्द पडतात, आणि त्या दोन शब्दांखाली शाळेचे अपयश झाकले जाते.

गोणपाट आज गेले, पण त्याच्या जागी दुसऱ्या गोष्टी आल्या. बौद्धांना १९९० साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या सवलतींचा हक्क दिला. तो हक्क मिळविण्यासाठी दाखल्यावर पूर्वाश्रमीच्या जातीची नोंद दाखवावी लागते. ही कागदोपत्री बाब कार्यालयातच राहावयास हवी. परंतु शिष्यवृत्तीची यादी भरवर्गात जातीसह वाचली गेली, किंवा ‘सवलतवाल्यांनो, उभे राहा’ असा पुकारा झाला, तर शाळेनेच टवाळखोरांच्या हाती काठी दिली असे होते. मग मधल्या सुट्टीत जे घडते त्याला ‘पोरखेळ’ म्हणण्याचा अधिकार त्या शाळेला उरत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कोणत्याही बालकास शारीरिक शिक्षा करण्यास वा मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, आणि वंचित गटातील बालकाबाबत भेदभाव होऊ नये हे पाहण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकले आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने ज्याच्या ताब्यात बालक आहे त्याने जाणूनबुजून केलेली हेळसांडही अपराध ठरविली आहे. त्याहून महत्त्वाचा, आणि आपल्या लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा. चिडविणे, शिवीगाळ, धमकी, लाजविणे, इजा करणे हे सर्व त्यात येते. शिक्षण देणारी संस्था आणि वसतिगृह दोन्ही त्यात येतात. लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. आणि प्रमुखाने हयगय केली, तर त्याने त्या अपराधास साहाय्य केले असे मानून त्यालाही शिक्षेस पात्र धरतो. आम्ही या लेखात जे तत्त्व मांडीत आहोत ते विधिमंडळाने पंचवीस वर्षांपूर्वीच मान्य केलेले आहे.

मग अडते कोठे? २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा निर्घृण खून झाला. मारहाणीला शाळेच्या आवारातच सुरुवात झाली, असा आरोप होता. खटला उभा राहिला, साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर तरुणीने वसतिगृहातील खोलीत जीवनयात्रा संपविली. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर छळाचा आरोप ठेवण्यात आला. छळाविषयी आपण आधीच वरिष्ठांच्या कानी घातले होते, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. न्यायालयांनी काय ठरविले आणि काय ठरवावयाचे राहिले आहे, त्यात आम्ही शिरत नाही. पण शाळा-महाविद्यालयांतील छळ शेवटी कोठवर जाऊ शकतो, हे या दोन घटनांनी दाखविले आहे. पहिल्या दिवशी, पहिल्या शब्दाला जो अडवीत नाही, त्याला शेवटच्या दिवशी ‘आम्हांस कल्पना नव्हती’ असे म्हणता येणार नाही.

शिक्षकांच्या अडचणी आम्ही जाणतो. वर्ग भरलेले, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सरकारी कामे माथी, आणि गावातील वजनदार घराच्या मुलाला बोलावे तर संचालकांची भीती. ही भीती खोटी नाही. परंतु जो पगारी, सुशिक्षित, संघटित मनुष्य गावातल्या वजनदारांना भितो, त्याने त्यांच्याच मुलांच्या घोळक्यात सापडलेल्या दहा वर्षांच्या पोराने धीर धरावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

धम्माची शिकवण या बाबतीत स्वच्छ आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. चांगले वळण लावणे आणि विद्या देणे ही तर आहेतच. पाचवे कर्तव्य असे की, आचार्याने शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करावे. दुसरा एक प्रसंग उदानात आहे. श्रावस्तीच्या वाटेवर काही मुले माशांना छळीत होती. भगवान जाता जाता थांबले, मुलांजवळ गेले आणि त्यांनी विचारले, तुम्हांला दुःखाची भीती वाटते ना, दुःख तुम्हांला नको असते ना? त्यांनी मुलांना मारले नाही, हाकलले नाही, पण पाहून न पाहिल्यासारखे करून ते पुढेही गेले नाहीत. गुरुजनांकडून आम्हांस नेमके एवढेच हवे आहे. छळणारे मूलही मूलच आहे. त्याला तुरुंगात धाडण्याची आमची इच्छा नाही. त्याला माणूस करण्याचे काम शाळेचे आहे, आणि ते शाळेने केले पाहिजे.

आता आपल्या कर्तव्याविषयी. मुलाने सांगितले तर त्यावर विश्वास ठेवा. ‘तूच काहीतरी केले असशील’ हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार करा. तोंडी रडगाणे न गाता मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्यावर दिनांक घाला आणि पोहोच घेतल्याशिवाय परतू नका. एकट्याने न जाता विहारातील दोन जाणत्या बंधुभगिनींना बरोबर न्या. सात दिवसांत हालचाल झाली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यांच्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सरकारी व अनुदानित शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. त्या समितीवर आपल्या माताभगिनींनी बसावे. मुलाला त्या शाळेतून काढणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आणि आणखी एक गोष्ट. आपले मूल बलवान झाले, चार मित्रांत पुढारी झाले, आणि त्याने वर्गातील एखाद्या पारध्याच्या, मुसलमानाच्या वा अपंग मुलाची टिंगल केली, तर त्याची तक्रार येण्याची वाट पाहू नका. बावीस प्रतिज्ञांत आपण सर्व माणसांना समान मानण्याचे आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन दिले आहे. जो न्याय आपण शाळेकडे मागतो तो आधी आपल्या घरात पाळला, तरच आपल्या शब्दाला धार राहील.

नवे शालेय वर्ष सुरू होते तेव्हा पालकसभा भरते. त्या सभेत प्रत्येक बौद्ध पालकाने उभे राहून शांतपणे एकच प्रश्न विचारावा: या शाळेत एखाद्या मुलाचा छळ झाला, तर त्याने कोणापाशी जावयाचे, आणि त्याचे उत्तर किती दिवसांत मिळेल? त्या माणसाचे नाव आणि ते दिवस शाळेच्या फळ्यावर लिहून मागावेत. ज्या शाळेने ते लिहिले, तिने आपले कर्तव्य ओळखले असे समजावे. ज्या शाळेने टाळले, तिच्याकडे तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी लेखी पाठवावा. जयभीम.